शेळीच्या रक्तातली भीती

इरम्मा आमच्याकडं कामाला लागली ती झाडलोट करायला. १९६१ साल, दिवाळीच्या आधीचे दिवस. वय पंचेचाळिशीचं, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि चालणं असं की पायाखालची काटकीसुद्धा मोडू नये. माहेर उमरग्याकडचं आलूर, घरात कानडी. लग्न होऊन ती बेंबळीला आली होती. नवरा शरणबसप्पा गाडीवान. रोज सकाळी तो तिला आमच्या फाटकाशी उतरवून पुढं धाराशिवच्या बाजारात जायचा.

मी वनमाला. तुळजापूरच्या एका मास्तरांची मुलगी, सोलापूरला इंटर सायन्सपर्यंत शिकले आणि सरकारच्या एका संशोधन योजनेत रक्त तपासायच्या कामावर लागले. बेंबळीबाहेर, धाराशिवच्या वाटेवर, निजामाच्या अमलातला घोड्यांचा तबेला होता. घोडे केव्हाच गेले होते. सरकारनं तिथं चोवीस शेळ्या, एक सूक्ष्मदर्शक आणि डॉक्टर मार्तंड कवठेकर यांना आणून ठेवलं होतं.

डॉक्टर आमच्या तुळजापूरचेच, पुजाऱ्याच्या घरातले, मुंबईला जनावरांची डॉक्टरकी शिकून आलेले. हुशार माणूस, पण तिखट. त्यांनी पहिल्याच दिवशी मला काम समजावून सांगितलं ते अजून आठवतं.

"वनमालाबाई, मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन बारक्या ग्रंथी असतात. अंगावर संकट आलं की त्या रक्तात एक रस सोडतात. त्या रसावर जीव तगतो. पण तो फार सुटला, फार दिवस सुटत राहिला, तर जखम भरायला वेळ लागतो, जनावर खंगतं. आता आपण शेळीला भूल देतो, पोट उघडतो, शिवतो. त्यात हा रस किती वाढतो? भुलीनं किती, चाकूनं किती? ईथर हुंगवलं तर किती, आणि नुसती जागा बधिर केली तर किती? हे कळलं की खेड्यातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला सांगता येईल, बाबा रे, ही भूल वापर."

तो रस थेट मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. आमचा मार्ग आडवळणाचा होता. रक्तात काही पांढऱ्या पेशी अशा असतात की त्यांच्यातले दाणे इओसिन नावाच्या रंगानं लालभडक होतात. ग्रंथींचा रस वाढला की चार तासांत त्या पेशी रक्तातून कमी होतात. पेशी घटल्या, म्हणजे रस वाढला. शेळीच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, रंग मिसळायचा, काचेच्या चौकटीत घालून त्या रंगानं लाल झालेल्या पेशी मोजायच्या. वीज तिथवर आलेली नव्हती. खिडकीतून येणारं ऊन आरशावर घेऊन मी मोजायची. पोटात जंत असले तर त्या पेशी उगीच वाढतात, म्हणून सगळ्या शेळ्यांना आधी जंताचं औषधही पाजून झालं होतं.

शेळ्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटाला नुसती ईथरची भूल. दुसऱ्याला ईथर आणि शस्त्रक्रिया. तिसऱ्याला जागा बधिर करून शस्त्रक्रिया. चौथ्याला काहीच नाही; नुसतं आणायचं, टेबलाशी बांधायचं, परत न्यायचं. हा चौथा गट तुलनेसाठी. त्याच्या पेशी जिथल्या तिथं राहायला हव्या होत्या.

त्या राहिनात. ज्यांना टाचणीसुद्धा टोचली नव्हती त्या शेळ्यांच्या लाल पेशी दुपारपर्यंत निम्म्यावर यायच्या. पोट उघडलेली शेळी आणि न उघडलेली शेळी, माझ्या चौकटीत दोघी सारख्याच. दोन महिन्यांत तीन वेळा प्रयोग झाला, तिन्ही वेळा हेच.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी वही टेबलावर आपटली.

"बाई, तुम्ही मोजता की अंदाजे लिहिता?"

"मोजते, डॉक्टर. प्रत्येक थेंब दोनदा मोजते."

"मग सहा शेळ्यांना काही न करता संकट कसलं आलं? फेब्रुवारीत समिती येतेय पाहणीला. असे आकडे बघितले तर योजना बंद करतील. त्याआधी मला मोजणारं माणूस बदलावं लागेल."

मी मान खाली घालून बाहेर आले. डोळे भरले होते. अंगणात इरम्मा खराटा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ताई, येक इचारू? त्या लाल टिपक्या कमी झाल्या म्हंजी काय व्हतं?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. संकट आलं की कमी होतात, म्हटलं.

"मग बरोबरच हाय की तुमचं मोजणं," ती म्हणाली. "संकट तर येतंयच. म्हालिंगप्पा येतोय न्हवं रोज सकाळी."

महालिंगप्पा आमचा शेळ्यांवरचा मुकादम. माणूस वाईट नव्हता. दांडगा होता आणि त्याला घाई असायची. शेळ्यांच्या कोठ्यात शिरायचा, शेळीचा मागचा पाय धरायचा, ओढत अंगण ओलांडायचा आणि टेबलाशी आखूड बांधायचा. शेळी एकटी, समोर भिंत, नाकाला स्पिरिटचा वास. ओरडून ओरडून तिचा घसा बसायचा. आम्हांला त्यात काहीच वावगं वाटत नसे. शेळीच ती, ओरडणारच.

"तुमी दवा देयाच्या आधीच तिचं रगत बदलल्यालं असतंय," इरम्मा म्हणाली. "तिथं बांधल्याली येक बी शेळी रवंथ करत न्हाय, बघा तुमी. भ्यालेलं जनावर रवंथ करत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. खरंच एकही करत नव्हती.

मी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "म्हणजे माझा प्रयोग झाडूवालीला कळला, मला नाही?" पण माझी नोकरी पणाला लागली होती, म्हणून जागची हलले नाही. म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही एकदा तिच्याशी बोला. एवढंच."

बोलावल्यावर इरम्मा दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हांला कसं माहीत हो, शेळीला कधी भीती वाटते ते?"

तिनं पदर सावरला. "साहेब, पोलीस ॲक्शनच्या आधी गडबडीचं साल व्हतं न्हवं, तवाची गोष्ट हाय. गावावर धाड येणार म्हनून मानसं रानात पळाली. आमी जवारीच्या पिकात लपलो. माझ्यासंगं अकरा शेळ्या व्हत्या. त्या सोडून जायला जीव हुईना. बाजूच्या वाटंनं घोडी गेली, मानसं गेली. येक शेळी जरी वरडली असती तरी आमी घावलो असतो. म्या सगळ्यांच्या मधी बसले. ह्या हातानं हिच्या मानंला, त्या हातानं तिच्या. दिवस कलला तरी येक बी वरडली न्हाय. माझंच काळीज धडधड करत व्हतं, पर म्या हाताला ते कळू दिलं न्हाय. हाताला कळलं की शेळीला कळतंय."

डॉक्टरांनी हातातली वही बाजूला ठेवली. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "बसा. काय करायला पाहिजे ते सांगा."

ती जमिनीवरच बसली आणि सांगू लागली. तिला पंधरा दिवस हवे होते. त्या दिवसांत कुणी शेळीचा पाय धरायचा नाही. रोज सकाळी ती स्वतः दोन-दोन शेळ्या घेऊन टेबलाच्या खोलीत जाणार, एकटी शेळी कधीच नाही. तिथं बाभळीच्या शेंगा खाऊ घालणार. स्पिरिटचा बोळा जवळ ठेवणार, भुलीचा रिकामा मुखवटा तोंडाला लावून काढणार, चिमटे-कात्र्या खळखळवणार. "रोजच्याच गोष्टीची भीती ऱ्हात न्हाय. आनि रगत घेताना म्या मान धरीन."

"आणि महालिंगप्पा?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांनी बी यावं. पर आधी येऊन नुसतं बसावं. बसल्याल्या मानसाला शेळी भीत न्हाय."

महालिंगप्पा पहिले चार दिवस फुगून बसला. बाईमाणसानं आपल्याला बसायला शिकवावं हे त्याला रुचलं नव्हतं. पाचव्या दिवशी चंद्री नावाच्या शेळीनं मागून येऊन त्याच्या खिशातली शेंग काढून खाल्ली. तो एवढ्यानं हसला की सगळा तबेला दणाणला. तिथून त्याचं आणि इरम्माचं जमलं. चंद्री म्हणजे आमच्या वहीतला क्रमांक सतरा. आमच्याकडच्या शेळ्या बहुतेक काळ्या कुळकुळीत, आम्हांला सगळ्या सारख्या दिसायच्या. इरम्माला चोवीसच्या चोवीस नावानिशी ठाऊक होत्या. ती त्यांच्याशी कानडीत बोलायची. "बा, बा, अंजब्याड," म्हणायची. ये, ये, भिऊ नको.

सोळाव्या दिवशी चौथ्या गटाच्या सहा शेळ्यांचं रक्त घेतलं. सकाळी एकदा, चार तासांनी पुन्हा. मी खिडकीशी बसले, आरशावर ऊन घेतलं. पहिली शेळी मोजली. सकाळी जेवढ्या लाल पेशी, जवळजवळ तेवढ्याच दुपारी. दुसरीचं तेच. तिसरी, चौथी. सहावी मोजून झाल्यावर मी उठले आणि धावत अंगणात गेले. डॉक्टर, इरम्मा, महालिंगप्पा तिथंच उभे होते.

"घटल्या नाहीत! एकीच्याही घटल्या नाहीत!"

डॉक्टरांनी वही हातात घेतली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वनमालाबाई, मी तुमच्या मोजण्यावर शंका घेतली. चुकलो." एवढा तिखट माणूस सगळ्यांसमोर असं म्हणाला, तेव्हा मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

आता कुठं खरा प्रयोग सुरू झाला. जानेवारीभर आम्ही पुन्हा चारही गट घेतले. आता चित्र धुतल्यासारखं स्वच्छ दिसू लागलं. चौथा गट जिथल्या तिथं. नुसत्या ईथरच्या भुलीनं पेशी घटायच्या, पण दुसऱ्या दिवशी सावरायच्या. ईथर आणि शस्त्रक्रिया दोन्ही झालं की धाडकन उतरायच्या आणि सावरायला तीन दिवस घ्यायच्या. जागा बधिर करून केलेल्या शस्त्रक्रियेत घट व्हायची खरी, पण ती बरीच कमी. पोट उघडलेलं असताना इरम्मा शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. एकदा लांबकानी नावाची शेळी टाके पडत असताना रवंथ करू लागली. डॉक्टरांनी सुई थांबवून तिच्याकडं बघितलं आणि मग पुढचा टाका घातला.

फेब्रुवारीत समिती आली. तिघं जण जीपमधून उतरले. त्यांच्यात मुख्य होते आण्णासाहेब, जनावरांच्या खात्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, डिसेंबरपर्यंतची आणि जानेवारीची.

"कवठेकर, तेच डॉक्टर, त्याच शेळ्या, आणि आकडे असे वेगळे? बदललं काय?"

डॉक्टरांनी इरम्माबद्दल सांगितलं. आण्णासाहेबांच्या कपाळावर आठी आली.

"म्हणजे या बाईंनी शेळीला गोंजारलं आणि रक्त बदललं? असं मी सरकारला कळवू? मोजणारीला आधीच माहीत असतं कुठली शेळी कुठल्या गटातली. माणूस मुद्दाम खोटं करतो असं नाही म्हणत मी. पण डोळ्याला जे हवं ते दिसतं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला खरंच माहीत असायचं. डॉक्टर म्हणाले, "मग तुम्हीच परीक्षा घ्या."

आण्णासाहेबांनी परीक्षा मोठी नेटकी आखली. आठ शेळ्या घ्यायच्या. एकीवरही भूल नाही, चाकू नाही. सकाळी इरम्मा मान धरेल आणि डॉक्टर सगळ्यांचं रक्त कोठ्यातच घेतील. मग चार शेळ्या महालिंगप्पानं जुन्या रीतीनं ओढत न्यायच्या आणि एकट्या बांधायच्या; चार इरम्मानं तिच्या रीतीनं न्यायच्या. कुठल्या चार कुणाकडं, ते आण्णासाहेब ठरवणार. बाटल्यांवर खुणेची अक्षरं तेच घालणार. मला मागच्या खोलीत बसवलं, जिथून अंगण दिसत नव्हतं आणि आवाजही येत नव्हता.

शेळ्या निवडताना इरम्मा मधेच बोलली. हे मला नंतर कळलं.

"साहेब, लांबकानी घेऊ नका. तिचं करडू काल संध्याकाळी दुसऱ्या कोठ्यात नेलंय. कालपासनं तिच्या तोंडात चारा न्हाय. तिचं आजचं रगत तुमाला खरं सांगायचं न्हाय."

"तीच घेणार," आण्णासाहेब म्हणाले. "आणि ती तुमच्याकडंच देणार."

"तुमची मर्जी. पर लिहून ठिवा म्या काय बोलले ते."

आण्णासाहेबांनी खरंच लिहून ठेवलं, घडी करून कागद खिशात घातला.

महालिंगप्पाच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं म्हणतात. जी शेळी त्याच्या खिशातल्या शेंगा खायची, तिचाच पाय धरून ओढायचा होता. इरम्मा त्याला म्हणाली, "येकदाच. त्यांच्याच भल्यासाठी हाय. मागनं म्या समजूत काढीन त्यांची."

मी सकाळच्या आठ बाटल्या मोजल्या, दुपारच्या आठ मोजल्या. अक्षरांवरून मला काहीच उमगत नव्हतं. ऊन खिडकीतून सरकत गेलं तशी मी स्टूल सरकवत गेले. चार वाजता कागद घेऊन बाहेर आले. सगळे अंगणात लिंबाखाली खुर्च्या टाकून बसले होते. इरम्मा लांब उभी होती.

मी वाचायला सुरुवात केली. आठांपैकी चार शेळ्यांच्या लाल पेशी निम्म्याहून खाली आल्या होत्या. तिघींच्या होत्या तशाच.

"हे सात झाले," आण्णासाहेब म्हणाले. "आठवी?"

"आठवीचं मला काही कळलं नाही, साहेब," मी म्हणाले. "तिच्या पेशी सकाळीच फार कमी होत्या. परीक्षा सुरू व्हायच्या आधीपासूनच. दुपारी त्या किंचित वाढल्या आहेत. मी तीनदा मोजलं. काही चूक असेल तर मला सापडली नाही."

आण्णासाहेबांनी आपली यादी उघडली. घटलेल्या चारही शेळ्या महालिंगप्पाच्या. न घटलेल्या तिन्ही इरम्माच्या. आणि आठवी लांबकानी.

त्यांनी खिशातून घडीचा कागद काढला, चष्मा लावला आणि इरम्माचं बोलणं तिच्याच शब्दांत मोठ्यानं वाचून दाखवलं. मग उठले. काठी टेकत अंगण ओलांडून तिच्यापाशी गेले. आम्हांला वाटलं काही विचारतील. त्यांनी हात जोडले.

"बाई, चाळीस वर्षं जनावरांत घालवली मी. जे बघायला आम्हांला रंग लागतो, काच लागते, ते तुम्हांला नुसतं उभं राहून दिसतं. ही योजना बंद होणार नाही."

इरम्मा गोंधळली. तिनं वाकून त्यांच्या पाया पडायला हात पुढं केले, तर त्यांनी मागं पाऊल घेतलं. मग एकाएकी तिला काहीतरी सुचलं.

"साहेब, येवढं मोठं बोलला तर येक मागू?"

"मागा की."

"लांबकानीचं करडू तिच्याजवळ सोडू का आता?"

आण्णासाहेब खो खो हसले. महालिंगप्पा विचारायलाही थांबला नाही. धावत गेला आणि करडू खांद्यावर टाकून आला. लांबकानीनं त्याला हुंगलं, चाटलं, आणि थोड्या वेळानं खाली बसून रवंथ करू लागली.

डॉक्टरांचा अहवाल त्याच वर्षी छापून आला. कोणत्या भुलीनं ग्रंथींचा रस किती वाढतो, शस्त्रक्रियेनं त्यात किती भर पडते, हे त्यात होतंच. पण पहिलं प्रकरण वेगळंच होतं. प्रयोगाआधी जनावराला माणसाची, जागेची आणि वासाची सवय कशी लावावी, नाहीतर तुलनेचा गटच कसा खोटा ठरतो, हे त्यात पायरीपायरीनं लिहिलं होतं. प्रकरणाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ही रीत श्रीमती इरम्मा शरणबसप्पा, राहणार बेंबळी, यांची.

तिचं झाडलोटीचं काम सुटलं. शेळ्यांचा सगळा कारभार तिच्याकडं आला, आणि महालिंगप्पा तिच्या हाताखाली आनंदानं राहिला. कळंब, परंडा, भूम इथल्या जनावरांच्या दवाखान्यातले मलमपट्टी करणारे ड्रेसर तिच्याकडं आठ-आठ दिवस शिकायला यायचे. आल्या आल्या त्यांना वाटायचं, औषधं शिकवतील. ती त्यांना कोठ्यात नुसतं बसवायची. एकानं परंड्याला परत जाऊन डॉक्टरांना लिहिलं, "आता बैल धरायला चार माणसं लागत नाहीत. एक पुरतो."

चौसष्ट साली एका मोठ्या शहरातल्या कॉलेजातून तिला बोलावणं आलं. तिथं ससे आणि कुत्री यांच्यावर असेच प्रयोग चालले होते आणि त्यांचे तुलनेचे आकडे काही केल्या स्थिर राहत नव्हते. तिनं आधी नाही म्हटलं. "म्या ससं कवा पाळलं न्हाय." डॉक्टर म्हणाले, "तेच जाऊन सांगा, आणि मग बघा." मीही बरोबर गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती रेल्वेत बसली, येडशीच्या छोट्या गाडीपासून कुर्डुवाडीच्या मोठ्या गाडीपर्यंत, आणि सगळ्या वाटेनं खिडकी सोडली नाही.

पहिले दोन दिवस ती सशांच्या पिंजऱ्यांसमोर नुसती बसून राहिली. विद्यार्थी एकमेकांना खुणा करायचे. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ह्यांना सकाळी कोन धरतंय? आनि शेजारच्या खोलीत ती कुत्री का वरडत्यात? सशाला कुत्र्याचा आवाज म्हंजी मरणच की." इतकी शिकलेली माणसं तिथं, पण ससे आणि कुत्री भिंतीला भिंत लावून ठेवली होती. पिंजरे हलवले. आम्ही परतल्यावर पंधरवड्यानं तिथल्या प्राध्यापकांचं पत्र आलं की आकडे स्थिरावले.

त्याआधी, तिथून निघायच्या दिवशी, कॉलेजनं तिला एक प्रमाणपत्र दिलं. प्राचार्यांनी विचारलं होतं, हुद्दा काय लिहू? ती म्हणाली, "शेळ्या सांभाळणारी." त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, प्रात्यक्षिक शिक्षिका.

बेंबळीला पोचलो तेव्हा शरणबसप्पा गाडी जुंपून फाट्यावर उभाच होता. इरम्मानं पिशवीतून तो कागद काढून माझ्या हातात दिला. "ताई, वाचा. मोठ्यानं वाचा." मी वाचलं. शरणबसप्पाला नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा वाचलं. तोवर फाट्यावरच्या चहाच्या दुकानातली माणसं गोळा झाली होती, तेव्हा तिसऱ्यांदा वाचलं. कुणीतरी विचारलं, शिक्षिका म्हंजी मास्तरीण का?

"व्हय," शरणबसप्पा म्हणाला, आणि बैलांच्या पाठीवर थाप मारून तिच्यासाठी गाडीतलं कांबळं झटकून अंथरलं. "कालिजातली. डाक्टर लोकांची मास्तरीण."